गाडीत ड्रायव्हर असिस्टचं हार्नेस: स्वतः बसवावं की दुकानात द्यावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी.

मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत. ऑफिसला जाऊन-येऊन रोज ८४ मैल पडतात. गाडी २०२१ची टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिड. तिच्यात कंपनीचं रडार क्रूझ आणि लेन असिस्ट आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळच्या गर्दीत दीड तास स्टिअरिंग धरून आलो की घरी पोचेपर्यंत उजवा खांदा भरून येतो. बराच अभ्यास करून कॉमा ३एक्स घेतलं, म्हणजे काचेवर लावायचा कॅमेऱ्याचा डबा. त्यावर ओपनपायलट चालतं, म्हणजे स्टिअरिंग आणि वेग सांभाळणारं सॉफ्टवेअर. सोबत टोयोटाचं हार्नेस, म्हणजे गाडीला जोडायच्या तारांची जुडी, आलंय.

आणि तो खोका दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून आहे.

व्हिडिओत माणूस वीस मिनिटांत काम उरकतो. आरशामागचं प्लॅस्टिकचं कव्हर ओढून काढायचं, कॅमेऱ्याचा कनेक्टर सोडवायचा, मध्ये हार्नेस घालायचं, एक केबल छताच्या कडेने खाली आणून ओबीडीच्या (गाडीचा बिघाड तपासायच्या) सॉकेटपाशी जोडायची. बघताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्या कव्हरला हात लावला तर ते असं करकरलं की मी हात मागे घेतला.

जवळच्या एका दुकानात विचारून आलो. ३५० डॉलर सांगितले आणि वर म्हणाले, दोन तारा कापून जोड द्यावा लागेल. तारा कापायच्या असतात असं मी कुठेच वाचलं नव्हतं. तेव्हापासून जास्तच धास्ती वाटते आहे. कोणी स्वतः बसवलंय का? गाडीच्या वॉरंटीचं काय होतं? आणि बायकोचा प्रश्न वेगळाच आहे, तोही मांडतो. ती विचारते, 'पोरांना मागे बसवून तू त्या डब्याच्या भरवशावर गाडी चालवणार का?' याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

खारीबिस्किट:
रुमाल टाकून ठेवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तार_सप्तक:
कृष्णाकाठ, त्या दुकानात परत जाऊ नका. तार कापायची भाषा जो करतो त्याने तुमचं हार्नेस उघडूनही बघितलेलं नाही.

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात १४ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हार्नेस ही नुसती तारांची जुडी नसते. एक भलीमोठी तिरकी फळी असते, तिच्यावर गाडीतल्या तारांचा नकाशा काढलेला आणि जागोजागी खुंट्या ठोकलेल्या. मुली त्या खुंट्यांतून एकेक तार अंथरत जातात, मग टेप गुंडाळतात. एवढी यंत्रं आली तरी हे काम आजही बरंचसं हातानेच होतं, कारण लवचिक तार यंत्राच्या चिमट्यात नीट राहत नाही. नव्या मुलीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो: पुश, क्लिक, पुल. टर्मिनल, म्हणजे तारेचं धातूचं टोक, कनेक्टरमध्ये ढकलायचं, 'टक' असा आवाज ऐकायचा, मग तार हलकेच मागे ओढून बघायची. आवाज नाही आला तर पुढे जायचं नाही. हॉलमध्ये शंभर माणसांचा गलका असायचा, पण मुरलेल्या मुलीला तो टक बोटातून कळायचा.

आता तुमच्या कामाकडे. तुमच्याकडे आलेल्या हार्नेसला एका टोकाला कॅमेऱ्यात बसणारा कनेक्टर आहे आणि दुसऱ्या टोकाला गाडीचा मूळ कनेक्टर घेणारा. ते दोघांच्या मध्ये बसतं. उद्या काढून टाकलंत तर गाडी जशी होती तशी. एकही तार कापायची नाही, सोलायची नाही, तिच्यात टोचायचंही नाही.

कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या ज्या दोन तारा महत्त्वाच्या, त्या एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. कॅन-हाय आणि कॅन-लो. कॅन म्हणजे गाडीतले छोटे संगणक एकमेकांना निरोप देतात ती जोडणी. बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि गाडी दोघींमधला फरक तेवढा वाचते, म्हणून गोंगाट वजा होतो. कापून जोड दिला की तिथला पीळ उलगडतो आणि सांध्याचा रोध वाढतो. आज चालेल. दोन हिवाळ्यांनी सांधा गंजेल, आणि एखाद्या दिवशी हायवेवर डॅशबोर्डचे दिवे एकदम लागतील.

चिंचगूळ:
तारेचा विषय आणि तार_सप्तक उत्तर देतायत! याहून योग्य आयडी या धाग्याला मिळणार नव्हता.

अवांतर: हार्नेसला मराठी शब्द काय? मूळ अर्थ घोड्याचा साज ना?

तार_सप्तक:
कारखान्यात सगळे हार्नेसच म्हणायचे. पण आमच्या एक सुपरवायझर बाई होत्या मंचरच्या, त्या 'जुंपणी' म्हणायच्या. 'आज किती जुंपण्या झाल्या गं?' असं. मला तो शब्द फार आवडायचा.

आबा_डोंबिवली:
जुंपणी एकदम चपखल. माझ्या आजोबांची बैलगाडी होती जुन्नरकडे. जू, शिवळ, जोतं सगळं रात्री कंदिलाच्या उजेडात तपासून मगच पहाटे बाजाराला निघायचे. येताना ते गाडीत झोपून जायचे आणि बैल बरोबर घरी आणायचे.

खारीबिस्किट:
आबा, म्हणजे ड्रायव्हर असिस्ट जुन्नरला आधी आलं! हहपुवा.

आबा_डोंबिवली:
आलं होतं खरं. पण एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा बैल काठावरच थांबले. आजोबांना जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. तुमचा डबा ओढ्याच्या काठावर थांबतो का, ते विचारा.

अर्धा_चहा:
आबांचा प्रश्न नेमका आहे. मी बे एरियात राहतो, २०२०च्या कोरोलामध्ये हे उपकरण तीन वर्षं वापरतोय. जमेल तसं उत्तर देतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात सुरक्षेचा मुद्दा दडलेला आहे. कॉमा ही जॉर्ज हॉट्झ या प्रोग्रामरने २०१५मध्ये काढलेली कंपनी. २०१६च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने त्यांना पत्र पाठवून पहिल्या उपकरणाच्या सुरक्षेबद्दल सविस्तर माहिती मागितली. हॉट्झने ते उत्पादनच मागे घेतलं आणि महिन्याभरात सगळा कोड खुला करून टाकला. म्हणून आज कोणीही तो कोड वाचू शकतो. नोव्हेंबर २०२०मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने १७ प्रणालींची तुलना केली होती, त्यात या कंपनीच्या त्या वेळच्या उपकरणाला सगळ्यांत जास्त, ७८ गुण मिळाले. त्यांनी मुद्दाम कौतुक केलं होतं ते ड्रायव्हरवर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचं.

आता आतली रचना. हार्नेससोबत एक छोटा डबा येतो. त्यात रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो. उपकरण बंद असेल तर रिले कॅमेऱ्याच्या तारा थेट गाडीला जोडून ठेवतो, म्हणजे गाडीला मध्ये कोणी आहे हे कळतसुद्धा नाही. उपकरण चालू झालं की रिले ती थेट वाट तोडतो आणि संदेश उपकरणातून पुढे जातात. स्टिअरिंगला किती जोर द्यायचा, ब्रेक-ॲक्सिलरेटर किती, याच्या मर्यादा वेगळ्या चिपमध्ये घातलेल्या आहेत. वरचं सॉफ्टवेअर चुकलं तरी ती चिप मर्यादेबाहेरचा हुकूम गाडीपर्यंत जाऊ देत नाही. ब्रेकवर पाय ठेवला की सगळं सुटतं.

आबा, ओढ्याच्या काठावर ते थांबेलच असं नाही. पुढची गाडी थांबली तर थांबतं. रस्त्यावर पडलेला टायर किंवा खड्डा दिसेलच याची खात्री नाही. म्हणून हे लेव्हल २, म्हणजे नुसतं मदतनीस. गाडी चालवणारे तुम्हीच.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत समजा: हार्नेसच्या डब्यातून उपकरणाकडे जाणारी केबल टाइप-सी सारखी दिसते, पण ती टाइप-सी नाही. तिच्यातून गाडीचे १२ व्होल्ट जातात. फोन किंवा लॅपटॉप तिला चुकूनही लावू नका.

कृष्णाकाठ:
तार_सप्तक, अर्धा_चहा, मनापासून आभार. केबलची ही गोष्ट मला माहीत नव्हती, परवाच ती फोनला लागते का बघायचा विचार आला होता. रिलेचं वाचून छातीवरचं अर्धं ओझं उतरलं.

आबा_डोंबिवली:
अर्धा_चहा, नीट समजावलंत. तरीही माझा आक्षेप मांडतो, आणि तो अनुभवातून आहे.

मी मध्य रेल्वेवर मोटरमन होतो. लोकलच्या मास्टर कंट्रोलरला डेडमॅन हँडल असतं. ते दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतात. शिवाय सिग्नलसाठी एडब्ल्यूएस असतं, ते वाजलं की काही सेकंदांत बटण दाबून 'मी बघितलं' असं कळवायचं, नाहीतर गाडी स्वतः थांबते. म्हणजे यंत्राने माणसावर लक्ष ठेवणं मला नवीन नाही, आणि त्याने जीव वाचतात हे मी स्वतः बघितलंय.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. वर्षभराने हात आपोआप बटणावर जायला लागतो आणि डोकं मागे राहतं. सिग्नल पिवळा होता की हिरवा, हे बटण दाबल्यावर आठवावं लागतं. माझ्या गुरूंनी मला एक सवय लावली होती: प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने म्हणायचा. केबिनमध्ये एकटा असलो तरी. 'पिवळा, दोन नंबर लाइन.' लोकांना विचित्र वाटायचं. मी ३१ वर्षं म्हटलं.

कृष्णाकाठ, तुमचा खांदा हलका होईल, चांगलंच आहे. पण खांद्याची दमणूक गेली की डोळ्यांवरची जबाबदारी वाढते. बायकोचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

मोगरा:
आबा, हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. वाचनखूण साठवली.

मी आणि माझी लेक, दोघींनी मिळून आमच्या ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये हार्नेस बसवलं, डॅलसला. दोन गोष्टी सांगते, दोन्ही व्हिडिओत नीट दाखवत नाहीत.

पहिली म्हणजे हार्नेस नेमकं कुठलं. टोयोटात हा गोंधळ कमी आहे, ह्युंदाई-कियात खूप. एकाच गाडीत हायवे असिस्ट २ असेल तर हार्नेस वेगळं आणि नसेल तर वेगळं. मी यादी घाईत वाचली आणि चुकीचं मागवलं. कनेक्टर समोर धरल्यावर कळलं की तो बसणारच नाही. जबरदस्ती केली नाही हे नशीब. परत केलं, आठवडा गेला.

दुसरी गोष्ट एअरबॅग. विंडशील्डच्या बाजूच्या खांबात, ज्याला ए-पिलर म्हणतात, कव्हरच्या आत पडदा एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. केबल त्या घडीवरून पुढून नेली तर एअरबॅग फुटताना केबलच तिला अडवेल, किंवा केबल तोंडावर फेकली जाईल. केबल एअरबॅगच्या मागून न्यायची, आणि तिथल्या मूळ हार्नेसला कापडी टेपने बांधायची. खांबाचं कव्हर उघडणार असाल तर आधी १२ व्होल्टची निगेटिव्ह तार काढा आणि निदान दीड मिनिट थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. ते दीड मिनिट आम्ही दोघी घड्याळाकडे बघत गप्प उभ्या होतो.

तार_सप्तक:
मोगराताई, +१००. आणि कापडी टेप म्हणालात ते फार छान. काळी इन्सुलेशन टेप उन्हात तापली की तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो.

वऱ्हाडी_ठेचा:
गोंद ओघळणं काय असते ते आमच्या नागपुरात या बाप्पा, मे महिन्यात दाखवतो.

दोन वर्षांमागे मी डॅशकॅम बसवला, लेनमधून सुटलं की पीं-पीं करणारा. एका ॲक्सेसरीच्या दुकानात. पोरानं काय केलं, तर डॅशबोर्डाखालची एक तार ब्लेडनं सोलली, नवी तार गुंडाळली, वरून काळी टेप. मे मध्ये टेप सुटली. तार धातूला लागली, फ्यूज उडाला. परत त्याच दुकानात गेलो तर त्यानं १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज टाकून दिला आणि म्हणे, आता नाही उडणार. घरी येऊन धाकट्या भावानं पायलं, तो आयटीआयवाला. त्यानं गाडी बंदच करवली. म्हणाला, दादा, फ्यूज नाही उडणार, तार जळेल. आता फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतूनच नवी वाट काढणारा जोड) लावून नीट केलं, एकही तार सोलली नाही.

दुसरी गोष्ट, ह्या विषयाशी नागपूरचं जुनं नातं आहे. २०२१ मध्ये आय-रास्ते प्रकल्प इथंच सुरू झाला. शहर बसमध्ये बाहेरून आणलेली असिस्ट यंत्रणा बसवली. ती स्टिअरिंगला हात लावत नाही, फक्त सांगते: समोरची गाडी जवळ आली, लेन सुटली, माणूस आडवा आला. आणि बस जिथं पुन्हा पुन्हा इशारे देते, त्या जागांचा नकाशा तयार होतो, म्हणजे अपघात व्हायच्या आधी धोक्याची जागा कळते. आमच्या गल्लीतले एक काका शहर बस चालवायचे. ते सांगत, पयले आठ दिवस त्या आवाजानं डोकं उठलं, मग लक्षात आलं की आपण पुढच्या गाडीला किती चिकटून चालवतो.

माझं मत असं की आपल्याकडं सध्या इशारा देणारंच बरं. स्टिअरिंग फिरवणारं यंत्र गाय, हातगाडी आणि राँग साइडनं येणारा ट्रॅक्टर, तिघांना एकदम नाही सांभाळू शकत.

फुलपाखरू_७२:
ठेचाभाऊ, समृद्धीवर काय? तिथे गायी कमी आणि ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता. मला तिथे एकसुरी रस्त्याने डोळ्यांवर झापड येते.

वऱ्हाडी_ठेचा:
झापड आली तर थांबा ताई. चहा प्या. यंत्र नको तिथं.

श्टुटगार्टकर:
उशिरा आलो, पण धागा छान रंगलाय. तार_सप्तकांनी कॅनचा उल्लेख केला म्हणून थोडी भर. ही पद्धत आमच्या शहराशेजारच्या बॉशची. १९८६ साली त्यांनी ती डेट्रॉईटच्या परिषदेत मांडली. त्याआधी प्रत्येक स्विचपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र तार जायची, आणि गाड्यांतलं तांबं वाढतच चाललं होतं. दोन तारांवर सगळ्यांनी पाळीपाळीने बोलायचं, आणि ज्याचा निरोप महत्त्वाचा त्याला आधी जाऊ द्यायचं, अशी ही कल्पना.

हार्नेस बसवल्यावर करायची एक सोपी तपासणी सांगतो. गाडी बंद करून थोडा वेळ जाऊ द्या. ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा. दोन टोकांना १२० ओमचे दोन रोध समांतर असतात, म्हणून सुमारे ६० ओम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक सुटलंय. अगदी शून्याजवळ असेल तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ओबीडी आणि आतल्या जाळ्यामध्ये गेटवे (मधला नाका) असलेल्या गाड्यांत मात्र या पिनांवरून कॅमेऱ्याच्या फांदीबद्दल काही कळत नाही, हे लक्षात ठेवा.

मी स्वतः मात्र बसवलेलं नाही. जर्मनीत मान्यता नसलेला असा बदल केला तर गाडीचा चालवण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो, आणि विम्याची भानगड वेगळी.

अर्धा_चहा:
अमेरिकेत तसं नाही. इथे १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्याच कारणाने उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण सर्व्हिसला गाडी देताना मी हार्नेस काढून ठेवतो. मेकॅनिकला कोडं कशाला घालायचं? दहा मिनिटांचं काम.

विमा कंपनीला मात्र मी लेखी कळवलं. कळवावं असं माझं ठाम मत आहे.

चिंचगूळ:
भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ना, गाडीत बदल करण्याबद्दलचं?

तार_सप्तक:
आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल नको, असा त्याचा गाभा. डॅशकॅमला काही अडचण नाही. स्टिअरिंगवर हुकूम चालवणारी वस्तू लावणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

कांदेनवमी:
माझ्याकडे २०२२ची टोयोटा सिएना आहे. मीही कृष्णाकाठ यांच्यासारखंच करावं म्हणते. चालेल ना?

अर्धा_चहा:
ताई, थांबा. २०२१पासूनच्या सिएनामध्ये आणि रॅव्ह-४ प्राइममध्ये कॅनवरच्या महत्त्वाच्या संदेशांवर गुप्त किल्लीची सही असते. कनेक्टर बसेल, पण गाडी आपला संदेश स्वीकारणार नाही. काही संशोधकांनी त्या किल्लीपर्यंत पोचायची वाट शोधली आहे, पण ते घरच्या माणसाने शनिवारी दुपारी करायचं काम नाही. समर्थित गाड्यांच्या यादीत तुमचं नेमकं साल आणि मॉडेल दिसत नसेल तर पैसे घालू नका.

कांदेनवमी:
बरं झालं विचारलं. ऑर्डर द्यायच्या बेतात होते.

खारीबिस्किट:
कृष्णाकाठ कुठे गेले? धागा वर काढतो.

कृष्णाकाठ:
आलो. काल बसवलं. सगळं लिहितो, कारण तुमच्यामुळे झालंय.

सकाळी ऊन अंगणात आल्यावर सुरुवात केली. गार प्लॅस्टिक चटकन तुटतं म्हणून आधी पंधरा मिनिटं गाडीतला हीटर लावून ठेवला. हायब्रिडची १२ व्होल्टची बॅटरी मागे डिकीत असते, तिची निगेटिव्ह काढली. मग मोगराताईंची आठवण ठेवून दीड नाही, चांगली पाच मिनिटं थांबलो. बायको दारात उभी होती, हातात टॉर्च.

कव्हर निघालं. एक क्लिप तुटली, तिचा पांढरा तुकडा सीटखाली गेला. आत कॅमेरा, आणि त्याला अंगठ्याच्या नखाएवढी खिट्टी असलेला कनेक्टर. खिट्टी दाबल्याशिवाय तो हलत नाही, आणि दाबायला जागा इतकी कमी की माझं बोट जाईना. शेवटी बायकोने टॉर्च माझ्या हातात दिली आणि तिच्या बारीक बोटाने तो सोडवला.

हार्नेसची दोन्ही टोकं लावली. केबल छताच्या कडेत बोटाने खुपसत नेली, खांबाचं कव्हर वरून थोडं मोकळं केलं, एअरबॅगच्या मागून खाली, कापडी टेपचे तीन वेढे. ओबीडीचं सॉकेट गुडघ्यापाशी आहे, तिथे जोडलं. बॅटरी लावली, गाडी चालू केली.

आणि डॅशबोर्डवर सगळे दिवे. प्री-कोलिजनचा (टक्कर टाळायच्या यंत्रणेचा) बिघाड, लेनचा बिघाड, क्रूझचा बिघाड. घशाला कोरड पडली. वाटलं, कर्ज अजून फिटायचंय आणि मी गाडी मोडून ठेवली.

बंद केली. पुन्हा सगळा धागा फोनवर वरपासून वाचला. पुश, क्लिक, पुल. कॅमेऱ्याकडचा कनेक्टर लावताना 'टक' ऐकू आला होता का? आठवेना. बॅटरी सोडली, बायकोला म्हटलं, तूच दाब. तिने दाबला. टक. मला बाहेर उभ्या उभ्या ऐकू आला. हलकेच ओढून बघितला, जागचा हलला नाही. गाडी दोनदा चालू-बंद केल्यावर एकेक करून सगळे दिवे विझले.

नंतर मल्टिमीटरने ६ आणि १४ मोजलं: ६०.८. श्टुटगार्टकर, तो आकडा बघून झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

काचेवरचा माउंट अल्कोहोलने पुसून चिकटवलाय. त्या टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, म्हणून उपकरण मंगळवारी लावणार.

तार_सप्तक:
वा! वहिनींना आमच्या कारखान्यातल्या फळीवर जागा पक्की.

मोगरा:
अभिनंदन दोघांचं! तुटलेल्या क्लिपचा तुकडा शोधून काढा हं, पेडलखाली जाऊ देऊ नका.

कृष्णाकाठ:
मोगराताई, सापडला. सीटच्या रुळात अडकला होता.

दोन आठवड्यांनंतरचा हिशेब. पहिल्या दिवशी उपकरणाला कॅमेऱ्याचा कोन समजून घ्यायला थोडा वेळ लागला, मग मार्गी लागलं. गर्दीत थांबणं आणि निघणं फार शांतपणे करतं. खांदा खरोखर दुखत नाही. ओळखीच्या एका वळणावर जिथे पट्टे पुसलेत, तिथे ते दोनदा बाहेरच्या लेनकडे झुकलं. दोन्ही वेळा हात स्टिअरिंगवर होते म्हणून लगेच सावरलं. आता तिथे येण्याआधी मीच ते बंद करतो.

आबा, तुमची सवय उचलली. एकटा असताना मोठ्याने म्हणतो, 'पुढे ट्रक, डावीकडून गाडी येतेय.' पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं, आता त्याशिवाय चैन पडत नाही.

आणि बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. रविवारी सगळे निघालो होतो. धाकटीने मागून काहीतरी विचारलं, मी सवयीने मान वळवली, आणि उपकरण वाजायला लागलं. लगेच समोर बघितलं. बायको काही बोलली नाही, पण पुढच्या सिग्नलला मी ते बंद केलं. पोरं मागे असतील तेव्हा स्टिअरिंग माझं, असं ठरवलंय. रोजच्या ८४ मैलांना मात्र चालू राहील.

आबा_डोंबिवली:
कृष्णाकाठ, आता माझा आक्षेप नाही.

फुलपाखरू_७२:
एक शंका. गाडी आठवडाभर उभी राहिली तर हे बॅटरी खात नाही का? आम्ही डिसेंबरात भारतात जातो.

अर्धा_चहा:
गाडी बंद झाल्यावर थोडा काळ ते जागं असतं, मग बॅटरीचा व्होल्टेज उतरला किंवा ठराविक वेळ गेला की स्वतः बंद होतं. पण महिनाभर जाणार असाल तर ओबीडीकडचं टोक सरळ काढून ठेवा. काढताना खिट्टी दाबा, केबल ओढू नका.

फुलपाखरू_७२:
केलं नोंद. आणि परत लावताना टक.